सूर मनाला का भिडतो?

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. मुलाचा प्रश्न

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. या भागातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही वर्षभर नाना प्रकारचे सूर कानांवर पडतात. घरात पाळणा, शाळेत प्रार्थना, सप्ताहात टाळ-मृदंग, नवरात्रात आराध्यांची गाणी व गोंधळ्यांचे संबळ, लग्नात सनई, पोळ्याला हलगी, उरुसात कव्वाली. तुळजापूरची भवानी आणि तेरचे गोरोबाकाका ही दोन्ही स्थाने याच जिल्ह्यात असल्यामुळे संबळ आणि मृदंग ही दोन्ही वाद्ये येथील मुलांना अक्षरओळखीपूर्वीच परिचित असतात.

अशा गावातील चौथीचा एखादा विद्यार्थी सहज विचारतो, "गुरुजी, हलगी वाजली की पाय आपोआप हलतात, आणि आई पाळणा म्हणू लागली की तान्ह्या बाळाला झोप येते. असे का होते?" पुष्कळदा या प्रश्नाला "देवाची देणगी आहे" किंवा "गाणे गोड असते म्हणून" असे उत्तर देऊन शिक्षक पुढील पाठाकडे वळतो. परंतु हा प्रश्न अत्यंत मोलाचा आहे. गाण्यात भाकरी नाही, पाणी नाही, निवारा नाही. हवेची थोडीशी कंपने, एवढेच त्याचे भौतिक स्वरूप. तरीही त्याने माणूस हसतो, रडतो, नाचतो, शांत होतो. जे साधन मनावर इतकी सत्ता चालवते ते शिक्षकाच्या हाती दररोज परिपाठाच्या वेळी असते. साधनाचे कार्य कसे चालते हे ठाऊक नसेल, तर ते एकतर वाया जाते किंवा अजाणता एखाद्या बालकास दुखावते. म्हणून या प्रश्नाचा विचार क्रमाक्रमाने करू.

२. लय आणि देह

ध्वनी म्हणजे कंपन. हवेतून आलेले कंपन कानाच्या पडद्यावर आदळते, तेथून तीन लहान अस्थींच्या द्वारे आतील शंखाकृती भागात जाते आणि तेथे त्याचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते. हे संदेश केवळ ऐकण्याच्या केंद्रापाशी थांबत नाहीत. हालचालींचे नियमन करणारे मेंदूचे भाग लयबद्ध ध्वनी ऐकताच, आपण स्तब्ध बसलेलो असलो तरी, कार्यरत होतात. हलगी ऐकून पाय हलण्याचे कारण हेच. मुलाने नाचायचे ठरवण्यापूर्वीच त्याच्या देहाने पुढच्या ठोक्याची तयारी केलेली असते.

ही शक्ती शिकवून येत नाही. हंगेरीतील संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या निद्रिस्त अर्भकांना तालाचे ठोके ऐकवले. अपेक्षित जागी समेचा ठोका गाळला, तेव्हा त्या अर्भकांच्या मेंदूतील विद्युत्‌प्रवाहात त्याची नोंद झाली. म्हणजे ठोका चुकला हे त्यांना जाणवले होते. मूल जन्माला येते तेच लयीची अपेक्षा घेऊन. मातेच्या उदरात सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्याला ध्वनी जाणवू लागतो, आणि तेथे मातेच्या हृदयाचा ठोका अखंड चालू असतो, हेही येथे स्मरावे.

लयीचा परिणाम श्वासावर आणि नाडीवरही होतो. इटलीमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, गाण्याची गती वाढली की ऐकणाऱ्याचा श्वास व हृदयाचे ठोके जलद होतात. त्यातही चिंतनीय गोष्ट अशी की, मध्येच दोन मिनिटे संगीत थांबवले असता श्वास व नाडी आरंभीच्या स्थितीपेक्षाही शांत झाली. सप्ताहातील भजनात टाळकरी संथ लयीने आरंभ करून हळूहळू द्रुत लयीला जातात आणि गजर शिगेला पोहोचताच एकदम थांबतात. त्या क्षणी मंडपात जी शांतता पसरते तिचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्यास या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. शिक्षकाने यातून एवढे घ्यावे की, गाण्यानंतरची स्तब्धता हाही गाण्याचाच भाग आहे. प्रार्थना संपताच सूचनांचा भडिमार करणे म्हणजे पेरणी झाल्याबरोबर त्या रानात गुरे सोडण्यासारखे आहे.

३. सुरातील माणसाचा आवाज

लयीने देह हलतो, परंतु डोळ्यांत पाणी येते ते केवळ लयीने नव्हे. त्यासाठी दुसऱ्या गोष्टीकडे पाहावे लागेल. ती म्हणजे मनुष्याचा आवाज.

"पाऊस आला" हे दोनच शब्द घ्यावेत. मृग कोरडा गेला आहे, आर्द्राही सरत आली आहे, सोयाबीनचे बी घरात पडून आहे, आणि एका संध्याकाळी टपोरे थेंब पडू लागतात. अंगणातून हाक येते, "पाऊस आला!" आवाज चढा असतो, वेग असतो, शेवटचा स्वर वर जातो. आता आश्विन-कार्तिकाचे दिवस घ्यावेत. सोयाबीन काढून रानात पसरले आहे, मळणी व्हावयाची आहे, आणि आभाळ भरून येते. घरातील म्हातारा माणूस उंबऱ्यावर बसून म्हणतो, "पाऊस आला." शब्द तेच, परंतु आवाज खाली उतरलेला, संथ, शेवटी विझत जाणारा. ज्याला मराठीचा एक शब्दही कळत नाही, असा मनुष्यसुद्धा या दोन उच्चारांतील भेद ओळखील.

आनंद, दुःख, क्रोध व भय या अवस्थांत मनुष्याच्या आवाजाची उंची, वेग, जोर आणि पोत ही ठरावीक रीतीने बदलतात. दुःखात स्नायू शिथिल पडतात, श्वास मंदावतो, म्हणून आवाज मंद व हळू होतो. आनंदात व क्रोधात उलट घडते. संगीत हीच लक्षणे उचलते. संथ लय, मंद्र स्वर, हलक्या मींडेने खाली उतरणारी सुरावट ऐकली की, कोणीतरी दुःखी मनुष्य बोलत आहे असेच मेंदूस भासते, आणि दुसऱ्याचे दुःख पाहून आपणही हेलावतो तसेच येथे होते. सारंगी आणि सनई मनाला इतक्या चटकन का भिडतात, याचे एक कारण असे की, त्यांचे सूर मानवी कंठासारखे अखंड वाहतात व वळतात.

पाळण्याचेही रहस्य येथेच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे सात महिन्यांच्या बालकांना त्यांच्या परिचयाच्या नसलेल्या भाषांतील गाणी ऐकवली. त्यांतील अंगाईगीते चालू असताना बालकांच्या हृदयाची गती इतर गाण्यांच्या तुलनेने अधिक मंदावली. हा अभ्यास 2021 साली पूर्णतः प्रसिद्ध झाला. बालकास शब्द कळले नाहीत, परंतु आवाजातील आश्वासन कळले.

४. अपेक्षा आणि तिची पूर्ती

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. शिक्षकाने सा, रे, ग, म, प, ध, नी असे चढत्या क्रमाने म्हणावे आणि तेथेच थांबावे. मुले अस्वस्थ होतात; कोणीतरी न राहवून वरचा "सा" म्हणून टाकते. कोणी सांगितले नव्हते, तरी तो स्वर यावयास हवा असे प्रत्येकास वाटत होते.

गाणे ऐकताना मन सतत पुढचा स्वर कोणता येईल याचा अदमास बांधत असते. अमेरिकन विद्वान लेनर्ड मायर यांनी 1956 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला: अपेक्षा निर्माण होणे, ती लांबणे आणि शेवटी पूर्ण होणे, या खेळातून संगीताचा भाव जन्मास येतो. आपल्याकडील रसिकास हे निराळ्या शब्दांत ठाऊकच आहे. गवई तान घेत दूरवर जातो, तिहाई टाकतो आणि बरोबर समेवर येतो. त्या क्षणी साऱ्या बैठकीच्या माना एकदम डोलतात. ती मान म्हणजे पूर्ण झालेल्या अपेक्षेची पावती होय.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झालेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या घटनेचा मेंदूत मागोवा घेण्यात आला. आवडत्या संगीताने अंगावर रोमांच उभे राहतात, त्या वेळी मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते असे आढळले. भुकेल्यास अन्न मिळाल्यावर होणाऱ्या आनंदाशी याच द्रव्याचा संबंध आहे. विशेष म्हणजे रोमांचाच्या क्षणापूर्वी, केवळ तो येणार या अपेक्षेनेही, मेंदूच्या एका भागात ते स्रवू लागते. म्हणून पाठ असलेले गाणे पुन्हा ऐकताना गोडी कमी होण्याऐवजी वाढते. पुढे काय येणार हे माहीत असणे हाच आनंदाचा एक भाग ठरतो. लहान मुले एकच बडबडगीत दहा वेळा म्हणावयास लावतात, त्याचा शिक्षकाने कंटाळा करू नये.

५. संस्कार आणि स्मृती

येथवर सांगितलेल्या गोष्टी बहुतांशी सर्व मानवजातीस समान आहेत. परंतु सूर मनाला भिडण्यात आणखी एका गोष्टीचा मोठा वाटा आहे आणि ती प्रत्येक समाजात, किंबहुना प्रत्येक घरात निराळी असते. ती म्हणजे स्मृती.

सनईचे उदाहरण घ्यावे. लग्नघरी सकाळी सनई लागली की उत्साह संचारतो. तीच सनई मुलगी सासरी निघताना वाजते तेव्हा पुरुषांचेही कंठ दाटून येतात. मराठी माणसास मैफलीत भैरवीचे सूर लागले की निरोपाची जाणीव होते, कारण भैरवीने मैफल संपते हे त्याच्या कानांस सवयीने ठाऊक असते. ज्यास ही प्रथा माहीत नाही त्यास त्या सुरांत निरोप ऐकू येणार नाही. टाळ-मृदंगाचेही तसेच. सप्ताहात त्याच नादाने आनंद होतो. आणि वारकरी घरातील वडीलधाऱ्या मनुष्याची अंत्ययात्रा निघते तेव्हाही पुढे भजनी मंडळी टाळ-मृदंगासह चालत असतात. ज्या मुलाने गेल्या महिन्यात आजोबांस असे पोहोचवले आहे, त्यास परिपाठातील भजनाचा पहिला टाळ कसा लागेल, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा.

या जिल्ह्याला एक मोठी स्मृती आहे. 1993 साली 29 सप्टेंबर रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीच्या विसर्जन-मिरवणुका झाल्या, वाद्यांच्या गजरात रात्र सरली, थकलेली माणसे झोपी गेली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका व या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भाग यांतील कितीएक गावे जमीनदोस्त झाली. ज्या घरातील माणसे त्या पहाटे गेली, त्या घरातील वृद्धेच्या कानांत विसर्जनाच्या मिरवणुकीचा ताशा आज कोणता भाव जागा करीत असेल, हे बाहेरच्या माणसास सांगता येणार नाही. मुलांना तो ताशा नाचण्याचे निमंत्रण वाटतो. ध्वनी एकच, ऐकणारी मने निराळी.

यावरून या लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. भाव हा गाण्यात भरून ठेवलेला पदार्थ नाही, की जो घागरीतून पेल्यात ओतावा तसा सर्वांच्या मनांत सारखाच उतरेल. सूर आणि ऐकणारा यांच्या भेटीत तो उत्पन्न होतो. लय देहाला हलवते, आवाजाचे साम्य सहानुभूती जागवते, अपेक्षा व तिची पूर्ती आनंद देते. परंतु या सर्वांस अखेरचा रंग चढतो तो ऐकणाऱ्याच्या आयुष्याचा.

६. पूर्वसूरींचा विचार

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार फार प्राचीन काळापासून झाला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्वरांचा रसांशी संबंध सांगितला आहे: शृंगार व हास्यासाठी मध्यम-पंचम, वीर-रौद्र-अद्भुतासाठी षड्ज-ऋषभ, करुणासाठी गांधार-निषाद. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीत, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने "संगीतरत्नाकर" हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मानवी देहाची उत्पत्ती व रचना यांचे वर्णन येते. संगीताच्या ग्रंथात शरीरशास्त्र कशासाठी, असे वाटेल; परंतु नाद देहात उत्पन्न होतो, म्हणून आधी देह समजून घेतला पाहिजे, अशी ग्रंथकाराची दृष्टी होती. आजचे शास्त्र निराळ्या मार्गाने त्याच दाराशी आले आहे.

तथापि अमुक रागाने सर्वांस अमुकच भाव होतो, हे कितपत खरे? कॅनडातील दोन संशोधकांनी 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी संगीताचा परिचय नसलेल्या श्रोत्यांस त्यांनी निरनिराळे राग ऐकवले. त्या श्रोत्यांनी आनंद, दुःख व क्रोध हे भाव बऱ्याच अंशी बरोबर ओळखले. शांत भाव ओळखणे मात्र त्यांस अवघड गेले. लय व सुरावटीची साधी किंवा गुंतागुंतीची घडण यांवरून ते अंदाज बांधत होते. उलट बाजूचे उदाहरणही आहे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात त्सिमाने नावाची वन्य प्रदेशात राहणारी जमात आहे. आपणांस बेसूर व कर्णकटू वाटणारे स्वरमेळ त्या लोकांस मुळीच अप्रिय वाटत नाहीत, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तात्पर्य, संगीताचा काही परिणाम मानवी देहातून येतो व काही संस्कारातून. दोहोंपैकी एकच खरे मानणे चुकीचे होईल.

७. दुःखाचे गाणे का आवडते?

मुलांचा आणखी एक प्रश्न असतो: रडवणारे गाणे माणसे मुद्दाम का ऐकतात? याचे उत्तर आपल्या घरांतच होते. जात्यावर दळताना स्त्रिया ओव्या गात. पहाटेची वेळ, घर निजलेले, समोर जात्याची पाळ आणि साथीला एखादी जाऊ किंवा नणंद. माहेराची आठवण, सासरचा जाच, लेकीची काळजी, भावाची वाट, मेलेल्या लेकराचे दुःख, जे दिवसा उघडपणे बोलता येत नसे ते तेथे ओवीत बोलता येई. जात्याच्या फेऱ्याने लय मिळे, लयीने श्रम हलके होत आणि गळ्याबरोबर मनही मोकळे होई. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी एकोणीसशे ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या जमविल्या; त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढा मोठा शोकाचा आणि प्रेमाचा साठा निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांनी गात-गात निर्माण केला.

गाण्यातील दुःखास दोन विशेष असतात. एक, त्यात प्रत्यक्ष संकट नसते. म्हणून मन न घाबरता त्याच्याजवळ जाऊ शकते. दुसरे, माझे दुःख केवळ माझे नाही, ते दुसऱ्या कोणीही भोगलेले आहे, असा दिलासा त्यातून मिळतो. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी यालाच साधारणीकरण म्हटले आहे. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. स्त्रियांचे कष्ट कमी झाले ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. परंतु ते बोलण्याचे स्थानही त्याबरोबर गेले. गावातील आजींकडून दोन-चार ओव्या ऐकून मुलांनी वहीत उतरवून घेणे हा भाषेचा आणि संगीताचा एकत्र पाठ होईल.

८. एकत्र गाणे

एकट्याने ऐकलेल्या गाण्यापेक्षा अनेकांनी मिळून म्हटलेले गाणे निराळे कार्य करते. स्वीडनमधील एका अभ्यासात (2013) समूहगायन करणाऱ्यांच्या हृदयाच्या गतीतील चढउतार एकमेकांशी जुळू लागतात असे दिसले. कारण सरळ आहे: एकत्र गाणारे एकाच जागी श्वास घेतात. जर्मनीतील लाइपझिग येथील 2010 सालचा प्रयोग तर शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. चार वर्षांच्या मुलांच्या काही जोड्यांस एकत्र गाणे-नाचणे असलेला खेळ दिला व इतर जोड्यांस त्याच प्रकारचा, परंतु संगीताविना खेळ दिला. पुढे जोडीदार अडचणीत असता, संगीताचा खेळ खेळलेली मुले एकमेकांच्या साहाय्यास अधिक धावली.

परिपाठात राष्ट्रगीत, प्रार्थना आणि 2023 पासून राज्यगीत म्हटले जाते. ही केवळ शिस्तीची बाब नाही. निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या वस्त्यांतून आलेली मुले काही काळ एकाच श्वासाने उभी राहतात. दिवसभराच्या वर्गजीवनाचा पाया तेथे घातला जातो.

९. गाण्याबाहेर राहिलेले मूल

म्हणूनच या गाण्यातून जे मूल बाहेर राहते त्याची हानी मोठी असते. अशी मुले तीन प्रकारची आढळतात.

पहिले, बेसूर म्हणून गप्प केलेले मूल. स्नेहसंमेलन जवळ आले की "तू नुसते ओठ हलव" असे सांगण्याचा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. ज्यांस सुरांतील भेद जन्मतःच कळत नाही, अशी माणसे शेकडा एक-दोनच असतात. बाकीच्यांचा बेसूरपणा हा सरावाच्या अभावाचा किंवा चुकीच्या पट्टीचा परिणाम असतो. पुरुष शिक्षकाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा सुमारे एक सप्तक खाली असतो. मूल तोच खालचा स्वर धरण्याचा प्रयत्न करते, तो त्याच्या गळ्यास पेलत नाही आणि ते बेसूर ठरते. अशा वेळी चांगल्या गळ्याच्या एखाद्या मुलीस गाण्याची सुरुवात करू द्यावी व इतरांनी तिचा स्वर धरावा. लहानपणी "तुला गाता येत नाही" हे ऐकलेला मनुष्य बहुधा जन्मभर गात नाही. एका वाक्याने त्याचे केवढे धन हिरावले जाते!

दुसरे, दुःखी किंवा भ्यालेले मूल. ते मुद्दाम गात नाही असे समजून त्यास शिक्षा करू नये. सर्वांत मिसळून उभे राहू द्यावे. टाळ, खंजिरी किंवा नुसती टाळी हाती द्यावी. शब्द नको असतात तेव्हा लय पुष्कळदा चालते. आणि एखाद्या गाण्याने मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, तर ते गाणे अनिष्ट समजू नये व त्या मुलाकडे सर्वांचे लक्षही वेधू नये. तास संपल्यावर बाजूस घेऊन दोन शब्द बोलावेत.

तिसरे, ऊसतोडणीस गेलेल्या कुटुंबातील मूल. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे कारखान्यांच्या वाटेने निघतात व हंगाम संपल्यावर परततात. जे मूल आईबापांबरोबर गेले ते परत येते तेव्हा गणित व वाचन पुष्कळ पुढे गेलेले असते. वर्गात बसणेच त्यास परके होते. परंतु प्रार्थना त्याला पाठ असते. वर्गात शिरण्याचे पहिले दार त्यास तेच मिळते. अशा मुलाच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकाने नवे गाणे न घेता जुनेच घ्यावे, म्हणजे निदान एका गोष्टीत तरी ते इतरांच्या बरोबरीने उभे राहील. त्याने फडावर किंवा दुसऱ्या गावी ऐकलेले एखादे गाणे असेल, तर ते वर्गास शिकविण्याचा मानही त्यास द्यावा. जी मुले मागे हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांची सायंकाळ कठीण जाते. दिवेलागणीस गावातील एखाद्या आजीने तेथे येऊन दोन गाणी म्हटली, तर तिच्या आवाजात त्यांना घर भेटते.

१०. काही दक्षता

संगीताविषयी अतिशयोक्तीही पुष्कळ चालते. 1993 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात मोझार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एका विशिष्ट चाचणीत काही मिनिटांपुरती अधिक प्रगती दाखवली. त्यावरून संगीत ऐकविल्याने बालकांची बुद्धी वाढते, असा बोभाटा जगभर झाला. पुढील अभ्यासांत तो परिणाम मनाच्या तात्पुरत्या प्रसन्नतेचा होता असे आढळले; कोणत्याही उल्हसित करणाऱ्या गाण्याने तो होऊ शकतो. तेव्हा पालकांस असे आश्वासन देऊ नये. तसेच अमुक रागाने अमुक व्याधी बरी होते, या प्रकारच्या जाहिरातींवर विसंबून औषधोपचार टाळू देऊ नये. चिंता व वेदना सुसह्य होण्यास संगीताचे साहाय्य होते. ते वैद्याची जागा घेत नाही.

ध्वनीच्या मोठेपणाविषयीही सावध असावे. गाण्याचा परिणाम आवाज वाढवून वाढत नाही. मिरवणुकीतील प्रचंड ध्वनिक्षेपकांपुढे छातीत धडधड होते ती रसिकता नसून, अचानक मोठ्या आवाजाने देहात जागी होणारी भीतीची प्रतिक्रिया होय. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. मुलांस ध्वनिक्षेपकाच्या भिंतीजवळ उभे राहू देऊ नये, हे पालकसभेत आवर्जून सांगावे.

शेवटी, गाण्याचा तास हा राहिलेले गणित पुरे करण्याचा तास समजू नये. कलाशिक्षणास अभ्यासक्रमात स्थान आहे. त्यास वेळापत्रकातही प्रत्यक्ष स्थान मिळाले पाहिजे. पेटी-तबला नसला तरी चालेल. टाळी, डबा, पितळी ताट आणि तीस मुलांचे कंठ एवढ्या सामग्रीवर हा तास उत्तम होतो.

११. वर्गात करून पाहण्यासाठी

(१) "पाऊस आला" हे वाक्य आनंद, दुःख, भीती व राग या चार भावांत मुलांकडून म्हणवून घ्यावे. डोळे मिटलेल्या इतर मुलांनी भाव ओळखावा. आवाज वर गेला की खाली, जलद झाला की संथ, हे फळ्यावर लिहावे.

(२) एकच परिचित गाणे प्रथम संथ व नंतर जलद लयीत म्हणावे. दोन्ही वेळी गाणे संपताच प्रत्येकाने आपली नाडी अर्धा मिनिट मोजावी. आकडे वहीत लिहून तुलना करावी. गणिताचाही पाठ होईल.

(३) मुलांस विचारावे: कोणते गाणे ऐकले की तुला कोणाची आठवण येते? उत्तर सांगण्याची सक्ती नसावी. लिहिलेली उत्तरे शिक्षकाने एकट्याने वाचावीत. एका वर्षात मुलाविषयी जे कळणार नाही ते एका पानात कळेल.

१२. केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

(अ) आपल्या शाळेत परिपाठानंतर किती क्षण शांतता असते?

(आ) आपल्या वर्गात न गाणारी मुले कोणती, आणि त्यांपैकी किती मुलांस आपण स्वतः गप्प केले?

(इ) गावातील कोणती गाणी पुढील दहा वर्षांत ऐकू येईनाशी होतील? ती कोणास येतात, आणि त्यांना शाळेत केव्हा बोलावता येईल?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत देण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक शिक्षकाने ते आपल्या मनाशी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्या मुलाच्या शेजारी उभे राहून, त्याच्या स्वराशी आपला स्वर मिळवून गावे.